अशी कोणी बाई इथे बसत नाही

पुलाच्या जिन्याला लागून टपऱ्यांची एक रांग आहे. एका टोकाला चावीवाला, दुसऱ्या टोकाला घड्याळवाले काका आणि मधोमध, दोन्हीकडे नजर राहील अशा जागी, चेनवाली ताई. दप्तर आणा, जॅकेट आणा, प्रवासाची बॅग आणा; ताई तुटलेल्या चेनचा जुना रनर पकडीने उपटते, नवा चढवते, दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवते आणि सर्रकन चेन लावून गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर धरते. "इथेच उघडून बघा. घरी जाऊन तक्रार चालणार नाही."

तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नाही. पण रांगेतल्या कोणावर काही आलं, की पदर खोचून पहिली उभी राहणार तीच.

रांगेचा एक नियम आहे आणि तोही ताईचाच. हातात कागद घेऊन अनोळखी माणूस आला आणि कोणाचं आडनावासकट नाव विचारायला लागला, की सगळ्यांनी सरळ कानांवर हात ठेवायचे. आडनावासकट शोधत येणारा भलं करायला येत नाही, हे तिचं पक्कं मत. वसुलीवाले काकांच्या मागे लागले होते, तेव्हा काका टेबलाखाली आणि ताई टेबलापुढे. "घड्याळवाला? असा कोणी इथे बसत नाही. आणि आम्हाला वेळ बघायला सवड कुठे आहे?" वसुलीवाले गेले, काका वाचले, नियम कायमचा झाला.

आता ताईच्या घराचं सांगायला हवं, कारण सगळा जीव तिथेच अडकला होता.

दोन खोल्या, भाड्याच्या. नवरा गेला तेव्हा माहेरची माणसं न्यायला आली होती. ही गेली नाही, सासऱ्यांजवळ राहिली. पुढे मामंजींची दृष्टी गेली, पण त्या दोन खोल्या त्यांच्या तळहाताला पाठ आहेत. खाटेवरून दाराची चौकट, पुढे ओट्याची कड, कडेने नळ. फक्त चौकट आणि ओटा यांच्यामधल्या कोऱ्या भिंतीपाशी हात चाचपडायचा. "इथे एक दोरी ताण ना सूनबाई," ते म्हणायचे. पण घरमालकाची ताकीद होती, भिंतीला खिळा लागता कामा नये.

त्या घरमालकाने खोल्या विकायला काढल्या. माणूस तसा वाईट नाही, आधी ताईलाच विचारलं. "महिनाअखेरपर्यंत जमवा. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बसलंय, त्याला जागा रिकामी हवी." म्हणजे मामंजींनी या वयात परक्या भिंती चाचपत नव्याने चालायला शिकायचं.

ताईने साठवलेलं सगळं बाहेर काढलं आणि उरलेल्यासाठी गृहकर्जाच्या एका कंपनीत अर्ज केला. काउंटरवरची मुलगी गोड बोलायची. "मॅडम, तुमची फाइल आता अंडररायटरकडे गेलीय."

"हा कोण?"

"सगळं तपासून कर्ज द्यायचं की नाही, ते ठरवतात."

"मग मला त्याच्यासमोर उभी कर. हात बघू दे माझे, काम बघू दे."

"ते कोणालाच भेटत नाहीत, मॅडम. वर बसतात."

"देवच म्हण की!" ताई फणकारली. ज्याने आपलं तोंड पाहिलं नाही, त्याने आपली पत ठरवायची, हे काही तिच्या पचनी पडेना. पण गरज तिची होती. फोन रनरच्या डबीशेजारी ठेवून ती वाट बघू लागली. फोन वाजला की हातातली पकड खाली पडायची आणि पलीकडून कोणीतरी टाइल्स विकायचा.

अशात ती एका सकाळी मामंजींना दवाखान्यात घेऊन गेली. परत आली तर चावीवाल्याचं तोंड आनंदाने फुललेलं.

"ताई, चहा सांग! तुझ्यावरचं संकट परतवलं आज!"

"कसलं संकट?"

"आला होता एक बॅगवाला. तुझं नाव विचारत होता, आडनावासकट. इथे बसतात का, किती वर्षं बसतात, धंदा कसा चालतो. मी म्हटलं, अशी कोणी बाई इथे बसत नाही. काकांनी तर साफ सांगितलं, ही टपरी बंद पडलीय."

"ताकास तूर लागू दिली नाही," काका मिशीत हसत म्हणाले.

ताईचा ऊर भरून आला. तिने सगळ्यांना चहा सांगितला. वर बिस्किटंही.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, आमचा माणूस चौकशीला आला होता. दिलेल्या पत्त्यावर तुम्ही बसतच नाही, दुकानही बंद आहे, असा रिपोर्ट आलाय. अशी फाइल वरून पास होत नाही."

ताई उठली. एका हातात पकड, दुसऱ्या हातात कोणाचं तरी अर्धं दप्तर. "अरे मेल्यांनो! माझं घर बुडवलंत! आणि वर त्याचाच चहा प्यालात काल!"

चावीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पण ताई... नियम तुझाच ना?"

शिव्या घालायच्या तरी कोणाला? ती मटकन स्टुलावर बसली. रांगेने तिला पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं, आणि त्यानेच सगळे हादरले.

काकांनी डोळ्याचं भिंग काढून खिशात टाकलं. "उठा रे. टपऱ्या झाका."

भर धंद्याच्या वेळी रांगेवर ताडपत्र्या पडल्या आणि अख्खी वरात कंपनीच्या काचेच्या दारातून आत घुसली. ताई मागे. चावीवाला थेट काउंटरवर रेलला. "आम्ही खोटं बोललो. लिहून घ्या."

मुलगी गोंधळली. "पण सगळेच्या सगळे खोटं का बोललात?"

"कारण ही आमच्यासाठी बोलली होती," काका म्हणाले. "मी टेबलाखाली होतो."

मुलगी ओठ दाबून उठली आणि वर गेली. बऱ्याच वेळाने खाली आली. "पुन्हा एकदा माणूस पाठवायला तयार आहेत. पुढचं मी सांगू शकत नाही."

तोच बॅगवाला पुन्हा आला, जरा बिचकतच. या खेपेला रांगेने त्याला बोलू दिलं नाही. "हीच ती बाई!" "माझ्या आधीपासून बसते!" "तोंड वाईट, काम चोख!"

"तुम्ही गप्प बसा," ताई ओरडली. तिचं लक्ष त्याच्या बॅगेकडे होतं. चेनच्या जागी दोन सेफ्टी पिना. "आण ती इकडे." रनर चढवला, मेण फिरवलं, चेन सर्रकन लावली. "पैसे काढ. फुकट केलं तर लाच म्हणशील."

त्याने हसत पैसे दिले. चेन दोनदा उघडली, दोनदा लावली, आणि लिहायला घेतलं.

महिना सरता सरता फोन वाजला. पकड खाली पडली. "मॅडम, मंजूर!" मुलगीच तिकडे ओरडली. ताईने फोन ठेवला आणि चेहरा जॅकेटच्या ढिगात खुपसला. मान वर करून म्हणाली ते एवढंच, "घरातल्या तुटक्या पिशव्या उद्या घेऊन या सगळ्यांनी. आणि कोणी पैशाची गोष्ट काढली तर याद राखा."

घरी मामंजींनी पावलांवरूनच ओळखलं. "झालं?"

"झालं. सह्या व्हायच्यात अजून."

"त्या वरच्या माणसाचे आभार मानलेस?"

"तो भेटत नाही कोणाला."

"मग मनात मान, पोरी. हो म्हणाला ना."

ताईने खरंच डोळे मिटले. मिटले तर त्या न पाहिलेल्या माणसाच्या जागी तिला टेबलाखालचे काका दिसले, काउंटरवर रेललेला चावीवाला दिसला.

सह्या झाल्या त्याच संध्याकाळी चावीवाला ड्रिल घेऊन दारात उभा. मागे काका, हातात दोरीचं भेंडोळं.

"आडनावासकट विचारत आलोय," चावीवाला म्हणाला. "इथे कोणी ताई राहते का?"

"राहते," मामंजी आतून म्हणाले आणि कोऱ्या भिंतीवर तळहात ठेवून त्यांनी जागा दाखवली. "इथे मार पहिला खिळा."