दाबा घंटी, येतात सिस्टर!

आमच्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डातला कचरा रोज उचलला जातो, किस्से मात्र कुणी उचलत नाही. ते साठतच राहतात! शहापूर-मुरबाडच्या गावांतून पेशंट येतात, बरे होऊन घरी जातात आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जातात. त्यात प्रत्येक खाटेजवळ विजेची घंटी बसली तेव्हापासून तर विचारूच नका.

ती बसवून घेतली आमच्या इन्चार्ज भोईर सिस्टरनी, वरच्यांच्या मागे लागून लागून. त्याआधी एक आजी एकटीच संडासला जायला उठली, पडली, खुबा मोडला. "हाक का नाही मारली?" तर म्हणे, "तुमी कामात व्हता." त्या दिवशी सिस्टर जेवल्या नाहीत. मग नियम आला: घंटी वाजली की जो जवळ असेल तो जाणार. 'माझा पेशंट नाही' हे वाक्य बंद! आणि संकोचापायी कुणी गप्प पडून राहता कामा नये.

* * *

पहिली घंटी किन्हवलीच्या एका बाबांची. ड्यूटीवरची नर्स मीच, धावत गेले.

"काय होतंय बाबा?"

"काय नाय. येता का ते बगीत व्हतो."

थोड्या वेळाने परत घंटी. परत धावले. "आता काय?"

"पयल्यांदा हौशीनं आली असशील, म्हनून परत बगितलं!"

मी तणतणत सिस्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा वाजली तरी जायचं." संध्याकाळी बाबा सगळ्या वॉर्डाला सांगत होते, "दाबा रे बिनधास्त, येतात!" अशी जाहिरात आम्हाला पैसे देऊनही मिळाली नसती.

* * *

एक बाळंतीण काही केल्या घंटी दाबेना. शेजारी सासू बसलेली ना! सासूसमोर सून हुकूम कसा सोडणार?

भोईर सिस्टर सासूला म्हणाल्या, "मावशी, या घंटीचा चार्ज तुमच्याकडे."

झालं! सुनेला पाणी हवं, घंटी. उशी सरकली, घंटी. सून बिचारी कुजबुजली, "नको ना आई, ऱ्हाऊ द्या." सासू कडाडली, "तू गप ऱ्हा गो. चार्ज माज्याकडं हाय!"

* * *

नियम सगळ्यांना, म्हणजे डॉक्टरांनाही. आमचे तरुण डॉक्टर वॉर्डातून चालले होते, घंटी वाजली, गेले. मुरबाडकडच्या एका काकांना लघवीचं भांडं हवं होतं. डॉक्टरांनी दिलं, नंतर उचलूनही ठेवलं.

हे डॉक्टर होते, हे कळल्यावर काका आधी लाजेने चादरीत शिरले. घरचे भेटायला आले तेव्हा मात्र छाती फुगवून सांगत होते, "काय हाताला गुन हाय डॉक्टरच्या! नुसतं भांडं दिलं तरी बरं वाटलं!"

* * *

लाइट गेली की घंटी मुकी. त्यावर सिद्धगडच्या पायथ्याच्या एका पेशंटने घरून बैलाच्या गळ्यातल्या घंटा मागवल्या आणि खाटांना बांधून दिल्या.

पुढच्याच दुपारी लाइट गेली, कुणीतरी घंटा हलवली. मी पोचायच्या आत कोपऱ्यातले तापाने फणफणलेले आजोबा उठून बसले, "आरं, बैल सुटला! बगा रे कोन तरी!"

* * *

उंबरमाळीकडची एक आजी पायाला प्लास्टर घालून आमच्या वॉर्डात बायकांच्या बाजूला होती. आम्ही प्रत्येकीने तिला घंटी दाखवली. ती मान डोलवायची, दाबायची मात्र कधीच नाही.

एका दुपारी तिची घंटी वाजली, थांबेचना! सिस्टर, डॉक्टर, मी, सगळेच धावलो.

"मला काय नाय झालं," आजी शेजारच्या खाटेकडे बोट दाखवत म्हणाली. "ती पोर बगा. पांढरी पडलीय, हाक मारली तं वं देत नाय."

सकाळीच बाळंत झालेली मुलगी गळ्यापर्यंत चादर ओढून पडली होती. चादर काढली तर खालची गादी रक्ताने भिजलेली. डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शन दिलं, गर्भपिशवी आवळावी म्हणून सिस्टर पोट चोळत होत्या, मी सलाइन लावलं. किती वेळ गेला कळलं नाही. रक्त थांबलं. मुलीने डोळे उघडून बाळ मागितलं, मी ते आणून तिच्या कुशीत ठेवलं. इतका अभिमान मला आमच्या वॉर्डाचा कधी वाटला नव्हता.

मी आजीजवळ गेले. "आजी, पोरीचा जीव वाचवलात तुम्ही."

आजीने पदर सारखा केला. जरा घुटमळली.

"आता आलीच हायस तं... वाईच पानी देतेस का गो? सकाळधरनं घसा सुकलाय."