रुमालाखाली ठरलेली जीप

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. यजमान फौजेतून सुटून घरी आले. पंधरा वर्षं त्यांनी फौजेत गाड्या चालवल्या होत्या. मेढ्याकडच्या डोंगरातल्या आमच्या भाताच्या तुकड्यांत त्यांचं मन लागेना. सुटताना मिळालेले पैसे पुन्हा मिळणार नव्हते. त्यांत एक जुनी जीप घ्यायची आणि वरच्या वाड्यांतली माणसं खाली बाजाराला, दवाखान्याला ने-आण करायची, असं त्यांनी ठरवलं. तिकडं एसटी जात नव्हती. बेत चांगला होता, पण गाडी वाईट निघाली तर पैसे जाणार आणि दोन मुलींना घेऊन आम्ही पुन्हा थोरल्या दिराच्या हाताखाली राबणार, एवढं मला दिसत होतं.

माझं माहेर कडेगावकडचं, उसाच्या मुलखातलं. थोरल्या भावाचं पत्र आलं. गावच्या आबांची जीप विकायची आहे, दहा वर्षांची, पण अकरा हजार मैलच चाललेली, लवकर या. आबा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार. आमच्या नात्यातले नव्हेत, सगळं गावच त्यांना आबा म्हणायचं. यजमानांनी पत्र दोनदा वाचलं.

"अकरा हजार म्हंजे नवीच की," ते म्हणाले. "आमची गाडी फौजेत वर्साला एवढी पळायची."

"मोट चार म्हयने टांगून ठेवली तर चामडं तडकतं," मी म्हटलं. "ही तर धा वर्सं टांगलेली."

"गाडी चामड्याची नसती."

तीन एसट्या बदलून आम्ही पोचलो. भाऊ स्टँडवर होता. पिशवी हातात घेता घेताच त्यानं सांगितलं, सौदा झालाय. भाऊ बैलांचा पारखी. आसपासच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक त्याला बोलवून नेत. त्यानं जीपचाही सौदा बैलासारखाच केला होता. बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघे हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा ठरवतात. बोटं सुटली की सौदा पक्का, मग त्यावर कुणी बोलायचं नाही. आबांचा आणि भावाचा हात असा मिळाला होता, चार माणसांसमोर.

"आवं दाजी, शेवटचं बोट मी सोडलंच न्हाई त्यांचं," भाऊ खुशीत म्हणाला. "लय दाबलं आबांना."

"गाडी चालवून बघितली का?" यजमानांनी विचारलं.

"चालवायची काय? चालू करून बघितली. वाघावानी गुरगुरती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेलो. गुऱ्हाळाच्या बाजूला पत्र्याच्या शेडात जीप उभी होती. यजमानांनी फौजेच्या शिस्तीनं ती तपासली. खाली झोपून स्प्रिंगांचे पाटे बघितले, स्टिअरिंग हलवलं, गिअर टाकले, पायाखालच्या पेडलांचं रबर चाचपलं. सगळं कोरं. मीटरवरचे आकडे मी स्वतः वाचले, चौथीपर्यंत शाळा झाली होती. अकरा हजार आणि वर थोडे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. यजमान खाली उतरले, हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अशी गाडी फौजेतबी मिळायची न्हाई." भावानं माझ्याकडं बघितलं.

मग पुरुष चहाला बसले. मी गाडीभोवती फिरत राहिले. माहेरच्या गावात डोक्यावर पदर लागत नाही आणि फिरताना कुणी हटकत नाही.

गाडीच्या मागं खालच्या अंगाला लोखंडाची एक गोल कप्पी होती. बाकी सगळ्या लोखंडावर धूळ आणि तांबेरा, ही तेवढी चकचकीत, तोंड दिसेल अशी. तशी चकाकी मी लग्नाआधी रोज बघत होते. आमच्या गुऱ्हाळात उसाच्या घाण्याला इंजिनाचा पट्टा लावलेला असे आणि पट्टा घासून घासून चाक असंच लखलखायचं. मग पुढं जाऊन जाळीत बोट घातलं. रेडिएटरच्या पात्यांत उसाच्या चिपाडाचा भुसा गच्च बसला होता, वर मुंग्या. चिमूटभर काढून नाकाला लावला. आंबूस वास आला. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत धूळ बसते, चिपाड बसत नाही.

मी चहाच्या बैठकीत गेले. यजमानांना बाजूला बोलवावं असं वाटलं होतं, पण बाजूला सांगून ते चार लोकांत बोलले नसते. मेहुण्याचा सौदा चारचौघांत मोडायचा कसा, ही त्यांची अडचण होती.

"आबा," मी म्हटलं, "ह्या जीपवर घाणा किती हंगाम चालवला?"

भावाच्या हातातली बशी तशीच राहिली. "तू घरला जा," तो म्हणाला.

आबा मात्र चिडले नाहीत. "चार हंगाम," ते सहज म्हणाले. "घाण्याचं इंजिन फुटलं, म्हून एका हंगामापुरता हिच्यावर पट्टा चढवला. बरं चाललं, मग ऱ्हायलाच."

"दिवसभर?"

"आगं, गुऱ्हाळ सुरू झाल्यावर बंद कवा असतंय? पर मी खोटं बोललो न्हाई. रस्त्यावर ती अकरा हजारच गेली. घाण्यावर किती गेली ते तुज्या भावानं इचारलंच न्हाई."

यजमानांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले, पण सांगत होते सगळ्यांना, "मीटरची तार चाकाच्या बाजूला जोडलेली असती. चाक फिरलं न्हाई तर आकडा हालत न्हाई. इंजिन चार हंगाम उभ्याउभ्या पळालं." मग म्हणाले, "फौजेत कुठं गुऱ्हाळ असतंय? माज्या ध्यानातच आलं न्हाई."

"कायबी असू दे," भाऊ म्हणाला. "रुमालाखाली ठरलंय. आता मागं फिरलो तर बाजारात कोन माजा हात धरील?"

"बैल घेताना तू आधी काय करतोस?" मी विचारलं. "भरली गाडी वढायला लावतोस, मग हात धरतोस. हिला काय वढायला लावलंस?"

तिथं बसलेला एक म्हातारा हसला. "पोरगी बरोबर बोलती. वढून दावायला पायजे. तो गिऱ्हाइकाचा हक्कच हाय."

आबांना नाही म्हणता येईना. ओढ्याच्या काठाला उसानं भरलेली बैलगाडी होती, ती साखळीनं जीपला बांधली. ओढ्यातून रस्त्यावर यायला चांगला चढ होता. यजमान स्वतः बसले. निम्म्या चढापर्यंत जीप गेली. मग मागून निळा धूर निघाला, इतका की बैलगाडी दिसेना. थोडं पुढं गेली आणि पाणी उकळून टोपणाबाहेर आलं. यजमानांनी चाकामागं दगड लावायला सांगितलं आणि खाली उतरले.  आबांचे बैल आणून जीप वर ओढून घेतली.

मला वाटलं, आता एसटीनं परत. पण यजमान जीपभोवती पुन्हा एकदा फिरले. "इंजिन सोडून समदी गाडी नवी हाय," ते आबांना म्हणाले. "पाटं, गिअर, चाकं, कशालाच काम पडलेलं न्हाई. इंजिन मिरजेला न्हेऊन उघडावं लागंल. तेवढा खर्च तुमी सोसायचा."

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला. भाऊ हात पुढं करायला निघाला होता. आबांनी त्याच्याकडं न बघता यजमानांचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. बराच वेळ लागला. आतला आकडा यजमानांनी मला घरी गेल्यावर सांगितला. तो वाजवी होता.

भाऊ आमच्या पुढं चालत घरी आला. उंबऱ्यात म्हणाला, "माजी गावात काय किंमत ऱ्हायली?"

"त्याचे पैसे आमी का भरायचे?" मी म्हटलं.

भावजयीनं ताट वाढलं. तो जेवला नाही. आम्ही जेवलो.

जीप मिरजेला महिनाभर उघडी पडली होती. नंतर ती वरच्या वाड्यांवर आठ वर्षं चालली. गिअर आणि पाटे शेवटपर्यंत मूळचेच होते. मुली त्या कमाईवर शाळा शिकल्या. दिराच्या हाताखाली जावं लागलं नाही.

भाऊ भाऊबीजेला यायचा, चुकवायचा नाही. मेढ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरायचा. तिथंच आमची जीप उभी असायची, यजमान त्याला हाक मारायचे. "पाय हायत की मला," असं म्हणून तो तीन मैल चढ चालत यायचा, घामाघूम व्हायचा. मी पाणी द्यायचे. गाडीत का बसला नाहीस, असं मी कधी विचारलं नाही, आणि बस असंही म्हटलं नाही.