दांड्याला बांधलेला नारळ

हळद शिजल्याचा वास आला की मी आजही नकळत मागं सरते. गावाकडच्या छोट्या उद्योगांना हात देणाऱ्या एका संस्थेत मी नुकतीच लागले होते. घरातली पहिली पदवीधर, त्याची ऐटही होती. आष्ट्याजवळच्या एका बाईला गल्लीतल्या बायकांना काम द्यायचं होतं. माझ्या शब्दावर संस्थेनं तिला वाफेवर हळद शिजवायचं यंत्र दिलं. पहिल्या दिवशी पूजा झाली. तिच्या सासूबाईंनी लाल फडक्यात नारळ गुंडाळून यंत्राला बांधला, तो नेमका जादा वाफ सोडायला आपोआप वर उचलल्या जाणाऱ्या दांड्याला. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भट्टी पेटली, बायका भोवती गप्पा मारत बसल्या, आणि माझी नजर वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर गेली. तो लाल पट्टीत शिरला होता, तरी दांडा हलत नव्हता. यंत्र फुटणार, एवढंच कळलं. मी काट्याकडं बोट केलं. त्या बाईनं माझा चेहरा बघितला, मग काटा. "उठा गं, पळा समद्या!" म्हणत ती मात्र लांब बांबूची आकडी घेऊन पुढं गेली. फडकं फाटलं, नारळ पडला, आणि वाफ अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. "देवाचा नारळ कुणी पाडला गं?" सासूबाई लांबून ओरडल्या. "मीच, आत्ती. देवालाबी लय उकडत हुतं," ती म्हणाली. आता तिच्याकडं आसपासच्या गावांची हळद येते. नवं यंत्र आलं की पूजा सासूबाईच करतात. नारळ आता खाली, यंत्राच्या पायाशी असतो. तो तिथं टेकेपर्यंत मी श्वास सोडत नाही.