अक्षया गडग्याच्या बाहेर

अक्षयाला कोणी एकदा तरी विचारलं काय, बाय तुला टाईम हाय काय म्हणून? नाय विचारलं. पोरगी बारावीला गेली, सायन्स घेतलंय, पहिल्या एष्टीनं रत्नागिरीला क्लासला जायचं, एष्टी आली तर आली नायतर कोणाच्या तरी टेम्पोत. भर उन्हात परत. आई नम्रता काजूच्या फॅक्टरीत, बापूस मुंबईला, म्हणजे भात टाकायचा तिनंच, आजोबाला वाढायचं तिनंच. आणि ताट धुवून होतंय तोवर देवळात शिबीर. क्लासचा अभ्यास मोबाईलवर येणार नि घरात रेंज नाय, मग संध्याकाळी वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर जाऊन दगडावर बसायचं. असं तिचं चाललेलं.

शिबीर मुंबईच्या मंडळाचं. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाला येतात, वाडीतली पोरं असतातच, सगळ्यांना सभामंडपात बसवून वाचन, गणितं, गोष्टी शिकवायच्या. गावचं सगळं बाबल्या तात्या बघतात. ते घरी आले, चहा प्यायले नि बोलले वाडीत सायन्सवाली तूच, तर शिकव तूच. अक्षयाला नाय बोलायला येत नाय, हा तिचा मोठा रोग. झाली मास्तरीण. कोणाची चप्पल गेली, बोलवा अक्षयाला. मुंबईच्या पोराला डास चावला, त्याची आई बोलणार अक्षयाला. जसे काय डास हिनंच पाळलेत.

त्यात तो समर्थ. खालच्या वाडीतला, तिसरीतला, बोलताना अडकतो. पहिलं अक्षर धरून बसतो ते सुटतच नाय, तोंड लाल होतं. पोरं हसतात म्हणून त्यानं बोलणंच सोडलेलं. शाळेत मास्तर पण त्याला उठवीत नव्हते, कशाला उगाच. अक्षयानं दोन तीन दिवस बघितलं नि घरी येऊन आजोबाजवळ चिडचिड केली, की तो येतो, बसतो, उठून जातो, मी त्याला काय शिकवू.

आजोबा म्हणजे रघू, आम्ही भावकीतले सगळे त्याला बाबाच बोलायचो. जन्मभर नमनाच्या खेळांत मृदुंग वाजवला त्यानं. नवीन पोरगा शिकायला आला की आधी मृदुंग द्यायचाच नाय, मांडीवर हात मारायला लावायचा नि त्याच्यावर बोल बोलायला लावायचा. तो अक्षयाला बोलला, "त्याला मांडीवर ठेका धरू दे गो. तोंडाकडे बघूच नको त्याच्या."

तसं केलं तिनं. सगळी पोरं गेली की समर्थला समोर बसवायचं, दोघांनी मांडीवर हात मारायचा. एक शब्द आला. मग एक वाक्य. मग त्यानं स्वतःचीच एक गोष्ट केली, त्यांच्या म्हशीनं सरपंचांची वाळत घातलेली लुंगी खाल्ली ती. खरीच झालेली गोष्ट, नि सरपंच आठवडाभर तोंड लपवून फिरत होते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गावासमोर समर्थ ती सांगणार असं ठरलं. त्याची एकच अट, ताई तू समोर बसायचं नि ठेका धरायचा. ती बोलली बसेन.

आणि बाबा गेला. दुपारी हातानंच वाढून जेवला, पडवीत आडवा झाला, तो उठलाच नाय. त्या दिवशी जादा तास, अक्षया क्लासातच, फोन आवाज बंद करून ठेवलेला, एष्टी स्टँडवर येऊन बघते तर आईचे एवढे फोन. घरी आली तेव्हा दारातल्या खळ्यात माणसं भरलेली. तिला त्याच्याजवळ नीट बसू पण दिलं नाय कोणी. अक्षया चटया आण. अक्षया चहा ठेव. अक्षया मुंबईवाल्यांची गाडी कुठं पोचली विचार. आम्ही सगळ्यांनी गळा काढून रडून घेतलं, ही मेली कपबशा विसळत होती. क्लासच्या सरांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं नि खाली लिहिलं, रविवारची टेस्ट चुकवू नकोस.

आता सुतक. सगळी भावकी देवळाच्या बाहेर. शिबिराचा शेवटचा दिवस बरोबर सुतकात.

ती बाबल्या तात्यांच्या अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली. बोलली कार्यक्रम शाळेच्या पटांगणात करूया. तर माईक, पंखे, खुर्च्या सगळं देवळात लागलंय. बोलली मग थोडे दिवस पुढं ढकला. तर चाकरमान्यांची परतीची तिकिटं काढलेली हायत. वर तिलाच बोलले, देवाच्या दारात सुतक चालत नाय हे आजोबानं शिकवलं नाय काय तुला. नि जाता जाता, "त्या बोबड्याला कशाला उभा करतेस? मुंबईच्या पोरी डान्स करतायत तेवढं पुरे."

"त्याचं नाव घ्या तात्या," ती बोलली. एवढंच बोलली. नि वळून घरी आली.

नम्रतानं घरी समजावलं, बाय कार्यक्रमाला देवळाकडं जाऊ नको, लोकं बोलतील. तर ही फाडकन बोलली, "लोकं बोलतातच हायत गो आई. तो एकटाच बोलत नाय."

आणि गेली. देवळाच्या गडग्याच्या, त्या दगडी कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर, फणसाखाली उभी. समर्थला निरोप धाडलेला, मी गडग्याशी हाय, दगडावर ठेका धरीन, तू ऐक. पण ऐकतो कसला, ते मोठमोठे भोंगे लावलेले, डान्सची गाणी. समर्थचं नाव पुकारलं. नवीन शर्ट घालून पोरगा माईकसमोर आला, मांडीवर हात, नि डोळे हिला शोधतायत. म, म, म. तिथंच अडकला. मागनं हसायला लागले. ही बाहेर गडग्यावर हात आपटतेय, चिऱ्यानं तळहात सोलला, पण कोणाला ऐकायला जातंय? तात्यांनी माईक घेतला, टाळ्या वाजवा बोलले, पुढचा नंबर.

अक्षया तिथंच गडग्याला टेकली. एवढी चिडली होती, तात्यांवर, देवावर, खरं सांगायचं तर बाबावर पण. चार दिवस थांबला असता तर काय झालं असतं त्याला.

जरा वेळानं भोंगे बंद झाले, तर समर्थ मंडपातनं बाहेर आला. पायात चप्पल नाय, हातात पेढा. गडग्याच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला नि मांडीवर हात मारायला लागला. हिनं पण मारला. नि सांगितली त्यानं. म्हैस, दोरी, लुंगी, सगळी. लुंगीवर एकदा अडकला, थांबला, परत ठेका धरला नि पुढं गेला. तिकडं चपला काढत बसलेली एक म्हातारी ऐकत होती, ती लुंगीजवळ खदाखदा हसली. हसायचं तिथंच हसली. समर्थ पण हसला.

मग त्यानं गडग्यावरून हात लांब करून पेढा पुढं केला.

"सुतकात प्रसाद चालत नाय रे," ती बोलली.

तो विचारात पडला. मांडीवर हात मारून बोलला, "मग मी खाऊ?"

"खा."

खाल्ला त्यानं, बोटं शर्टाला पुसली नि आत पळाला, आत खाऊ वाटत होते.

तेव्हा रडली ती. बाबा गेल्यावर पहिल्यांदा, फणसाला धरून, लहान पोरीसारखी. जरा वेळच मिळाला तिला. वरून नम्रताची हाक आली, अक्षया, पाणी भरायचं हाय, माणसं आलीत. डोळे पुसले नि गेली.