सर, आज तुम्ही कोण?

काष्टीच्या अलीकडे, सडकेला लागून एक हायस्कूल आहे. नाव सांगत नाही; सांगितलं तर उद्या तुम्हीच जाऊन तिथल्या शिपायाला खोदून खोदून विचाराल. त्या शाळेत एखादा मास्तर रजेवर गेला, की सकाळी सकाळी अंगदला फोन जातो. अंगद दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि ज्याची रजा त्याचा विषय शिकवायला हजर होतो. भोस सरांच्या घरी कार्य निघालं की गणित, रश्मी मॅडमचं बाळ तापलं की हिंदी. पोरांनी त्याची गंमत करून ठेवली होती. तो वर्गात शिरला की पहिल्या बाकावरची रेश्मा उभी राहून विचारायची, "सर, आज तुम्ही कोण?"

सुरुवातीला त्याला हसू यायचं. मग राग यायला लागला. आता काहीच येत नव्हतं. "भोस सर," म्हणायचा आणि खडू उचलायचा.

त्या दिवशी मात्र शाळेत निराळीच लगबग होती. अंगदला बघायला माणूस येणार होता. उघड नव्हे, चोरून. आपल्याकडे मुलाच्या घरी चहा-पोहे खाण्याआधी त्याच्या नोकरीच्या जागी एक अनोळखी पाहुणा फिरून जातो, आणि तो येणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक असतं. मुलगी पंकजा, नागापूरला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. अंगदच्या आईनं, कडूबाईनं तिचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला होता. बाकीची स्थळं 'पर्मनंट हाय का?' एवढं विचारून वाटेला लागली होती; हे एकच शिल्लक होतं. येणारा होता तिचा मामा, आप्पासाहेब. बाजारात बैलाचा जबडा उघडून वय सांगणारा गडी.

शिपाई कानिफनाथची बहीण नेमकी मामाच्याच गावात दिलेली, म्हणून बातमी आधी पोचली. हेडसरांनी सगळ्यांना ऑफिसात गोळा केलं.

"कोणी विचारलं तर अंगद सर पर्मनंट. कळलं का? पोराचं घर वसतंय."

"आमी काय दुश्मन हाय व्हय त्येंचं?" खिचडी शिजवणारी केशरबाई म्हणाली. "तेवढं लाडू मातुर इसरू नका, सर."

सगळे हसले. अंगद दारात उभा राहून ऐकत होता, जणू पलीकडच्या आळीतल्या कुणाच्या लग्नाचं चाललंय. आणि एवढ्या शिकल्यासवरल्या मंडळींत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की पर्मनंट तर पर्मनंट, पण कशाचा?

आप्पासाहेब आला तो भाच्याच्या ॲडमिशनचं निमित्त करून. गेटावरच त्यानं कानिफनाथला धरलं.

"अंगद सर काय शिकिवत्यात?"

"गनित! लई कडक मानूस. पर्मनंट हायेत."

पर्मनंटचं त्यानं विचारलंच नव्हतं. पुढं चुलीपाशी केशरबाई भेटली.

"अंगद सर? हिंदीचं की! आसं गोड वाचत्यात, माझी खिचडी लागती बुडाला. पर्मनंट, बरं का."

ऑफिसात हेडसरांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि छातीठोक सांगितलं, "भूगोलात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही."

खोटं कुणीच बोललं नव्हतं, म्हणजे विषयापुरतं. ज्यानं त्याला जे शिकवताना पाहिलं होतं, ते सांगितलं. पण आप्पासाहेबानं चहा अर्धाच ठेवला आणि तो व्हरांड्यात जाऊन वर्गाच्या खिडकीशी उभा राहिला. अंगद आत शिरत होता.

"सर, आज तुम्ही कोण?"

"भोस सर."

तास संपल्यावर मामानं त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"मी पंकजाचा मामा."

"माहीत आहे. कानिफनाथनं सकाळीच सांगितलं."

मामाच्या पाठीमागं, ऑफिसच्या खिडकीतून हेडसर मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण. केशरबाई उलथणं हातात धरून तशीच थांबली होती.

"पर्मनंट हाय का तुमी?"

अंगदनं नळ बंद केला. हो म्हणायला फार कष्ट नव्हते. पण तेवढंही बळ त्याला गोळा करावंसं वाटेना.

"नाही. बदली म्हणून येतो. बोलावलं तर."

"समदे तर म्हनले..."

"ते चांगले आहेत."

आप्पासाहेब एकदम चिडून म्हणाला, "आवं मास्तर, समद्या शाळंनं एवढं जुळवून आनलं हुतं! तुमी फकस्त मान हालवायची हुती. मी बी तेवढंच घिऊन जानार हुतो घरी. पोरीला तुमचा फोटो पसंत हाय."

"मग?"

"मग काय! आता मला ठावं झालं ना. ठावं नसतं, तर दिली असती. उद्या काय झालं तर म्हनलो असतो, मला बी फसवलं. आता कुनाच्या नावानं खडं फोडू?"

"चहा घेणार?" अंगदनं विचारलं.

"घेटला अर्धा," म्हणून मामा गाडीकडं गेला. गाडी पहिल्या किकला चालू होईना, तर कानिफनाथनं धावत जाऊन मागनं ढकलली. ढकलताना तो काहीतरी गयावया करत होता. मामानं हात हलवून नको नको केलं.

केशरबाईनं अंगदच्या ताटात खिचडी वाढली, वरून तेलाची धार जरा जास्त सोडली. आईचा फोन दोनदा वाजून थांबला. त्यानं ताट पुसून खाल्लं. चव कशी होती म्हणून कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.

घंटा झाली. तो वर्गात गेला. फळ्यावर कुणीतरी अर्धंच लिहून सोडलेलं होतं.

"सर, आता तुम्ही कोण?" रेश्मा उभी होती.

"भोस सर."

"ते सकाळी होतात, सर. आता इतिहास."

"बरं," अंगद म्हणाला. "इतिहास." आणि अर्धं राहिलेल्या ओळीपुढं लिहायला लागला.