पेंढा भरलेली पँट

वकिलीणबाईंनी तांब्यातलं गोमूत्र सीटवर शिंपडलं तेव्हा सीट अजून माझ्या अंगानं गरम होती.

भोरातली भर सकाळ. वकीलसाहेबांच्या दारात मोटरसायकल उभी. मी तिच्यावरून नुकताच उतरलेलो. बाईंनी आधी तुळशीच्या पानानं चार थेंब उडवले. तेवढं पुरेसं वाटेना, म्हणून तांब्याच उपडा केला. पिवळं पाणी सीटवरून ओघळलं, तापलेल्या इंजिनवर पडलं, चर्र झालं आणि वाफ माझ्या तोंडावर आली. गाईच्या मुताचा वास मला नवा नाही. पण त्या दिवशी तो सोसवेना. गाईचा काही दोष नव्हता. माझं बूड जिथं टेकलं होतं ती जागा एक शिकलेली बाई मुतानं धूत होती, आणि धुऊन झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्या समाधानाची मला किळस आली. अजून येते.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. लग्न झालेला. गाव हिर्डोशी, वरंधा घाटाच्या अंगाला. एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायी. म्हणून भोरातच खोली घेऊन राहायचो आणि सठीसहामासी घरी जायचो. पाच वर्षं एका मिस्त्रीच्या गॅरेजात हात काळे करत होतो. मिस्त्री मोठा कारागीर. जातीनं वरचा, पण माझा कप त्यानं कधी वेगळा ठेवला नाही. एकाच किटलीतला चहा, हाताला येईल त्या कपातून. तेवढ्यावर मी त्याला बापाच्या जागी धरला होता. "ह्या साली तुला मिस्त्री म्हणूनच लावतो," तो म्हणायचा. "गिऱ्हाईक सरळ तुज्याकडं." मी त्या एका वाक्यावर जगत होतो.

वकीलसाहेबांनी पुण्याच्या कुणा निवृत्त साहेबाची जुनी मोटरसायकल घेतली. उंच, दणकट, पंधरा वर्षं पळालेली. वकीलसाहेब बुटके. अगदी माझ्याएवढे. मला सगळे तोंडावर बुटक्या म्हणायचे, त्यांना कोण म्हणणार? गाडीवर बसले की त्यांच्या पायाची फक्त बोटं जमिनीला लागायची. गाडी थांबवली की कलायची. कोर्टासमोर दोनदा आडवी झाली. पक्षकार हसू दाबत उचलायला धावले. तिसऱ्या दिवशी साहेब गाडी ढकलत गॅरेजात आले. म्हणाले, "मिस्त्री, हिला खाली घ्या."

उंच गाडी बुटक्या माणसासाठी खाली घ्यायची तर नुसती गादी कापून भागत नाही. मागचे धक्के झेलणारे शॉक काढून आखूड बसवायचे. पुढचंही तेवढंच खाली आणायचं, नाहीतर हँडल हलकं पडतं. गादी पुढच्या बाजूला अरुंद करायची, म्हणजे मांड्या जवळ येतात आणि पाय सरळ खाली जातात. स्टँडसुद्धा कापायचा, नाहीतर गाडी ताठ उभी राहते आणि धक्का लागला की पलीकडं पडते. आणि हे सगळं वर माणूस बसवून करायचं. माणसाचं वजन पडलं की गाडी दबते. ती दबल्यावरच माप घ्यायचं. हे मला मिस्त्रीनंच शिकवलं होतं.

म्हणून मी सुतळी घेऊन पुढं झालो. साहेबांच्या पायाशी गुडघा टेकला, टाचेपासून जांघेपर्यंत माप घ्यायला. त्यांनी पाय असा मागं ओढला की मीच दचकलो.

"अरे अरे, हा नको," ते मिस्त्रीला म्हणाले. माझ्याशी नाही बोलले. "घरून माझी एक पँट पाठवतो. तिच्यावरून घ्या माप."

मिस्त्री हसला. मीही हसलो. का हसलो, कुणास ठाऊक. सवय.

दुसऱ्या दिवशी पँट आली. करड्या रंगाची, टेरेलिनची. मिस्त्रीनं ती माझ्या कमरेला लावून बघितली.

"आरं, तुजंच माप हाय की! घाल आन् बस वर."

"सायबांची हाय."

"सायेब बघाया येतायत व्हय हितं?"

मी घातली. कमरेला थोडी ढिली, बाकी बेतून शिवल्यासारखी. खरं सांगतो, मला बरं वाटलं. टेरेलिन कधी अंगाला लागलं नव्हतं. गाडीच्या आरशात मी स्वतःला बघून घेतलं, केस सारखे केले. त्या आरशातल्या माझ्या तोंडावर आज थुंकावंसं वाटतं. तीन दिवस मी ती पँट घालून गाडीवर चढलो-उतरलो. मिस्त्रीनं गादी तासली, मी बसलो. पुन्हा तासली, पुन्हा बसलो. शेवटी दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. काम इतकं नेटकं झालं होतं की मिस्त्रीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

चौथ्या दिवशी गाडी पोचवायची. मिस्त्री ताडमाड. खाली घेतलेल्या गाडीवर त्याचे गुडघे हँडलला लागायला लागले. "तूच ने," म्हणाला. "तुज्याच मापाची हाय." तो सायकल घेऊन माझ्यामागं निघाला. पँट मी धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली होती. भोराच्या भर बाजारातून मी ती गाडी चालवत गेलो. कुणी अडवलं नाही. वाटलं, आता मी मिस्त्री झालो.

पुढचं वर सांगितलंच. साहेब पायरीवर उभे होते. मला गाडीवर बसलेलं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खाली उतर आधी," म्हणाले. "ह्या सीटवर कोण कोण बसलं?"

"मीच, सायेब. तीन दिस, तुमची पँट घालून. माप माजंच घेतलं."

मग बाई. मग तांब्या. तोवर मिस्त्री पोचला. साहेब त्याला म्हणाले, "ही सीट फेकून द्या. नवी करा. आणि नवीवर ह्याला बसवायचं नाही."

"व्हय सायेब," मिस्त्री म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. तो सायकलच्या टायरकडं बघत होता.

मी पुडकं पुढं केलं. साहेबांनी कागदातून डोकावणारी पँट बघितली, आणि एकदम मऊ झाले. हेच जास्त ओंगळ होतं. म्हणाले, "ती तूच ठेव आता. आम्ही काय करणार तिचं? चांगली टेरेलिनची आहे. सणावाराला होईल तुला."

"घे की," मिस्त्री म्हणाला. "पाया पड सायबांच्या."

आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी अगदी लहान होतो. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. बानं गावच्या पाटलानं दिलेला जुना कोट दारात आणला आणि पेटवून दिला. घरात गरम कपडा तेवढाच होता. "आजपास्नं कुणाच्या अंगावरचं उतरल्यालं ह्या घरात येणार न्हाई," म्हणाला. त्या हिवाळ्यात बा पोतं पांघरून चुलीशी बसायचा. दात वाजायचे. पण दुसरा कोट त्यानं कुणाकडं मागितला नाही.

आणि मी ती पँट तीन दिवस अंगात घालून आरशात बघत होतो.

पुडकं मी पायरीवर ठेवलं. "आमच्या घरात अंगावरचं उतरल्यालं घेत न्हाईत," म्हणालो.  

"माज आलाय ह्यांना," साहेब बाईंना म्हणाले.

मिस्त्रीनं ते पुडकं उचललं आणि सायकलला अडकवलं. गाडी मला ढकलत आणायला लावली. बसू दिलं नाही. मीही बसलो नसतो. अख्खा बाजार तोच. जाताना गाडीवर होतो, येताना गाडीला जुंपलेलो. गोमुताचा वास वाटभर नाकात.

गॅरेजात आल्यावर मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणं जुनी सीट फाडून उकिरड्यावर टाकली आणि किटली चढवली. नेहमीसारखा कप माझ्यापुढं केला. मग हळूच म्हणाला, "मागच्या खोलीत गोणपाटाचा पडदा लावतो. नव्या सीटवर तूच बस. गपचिप. कुणाला कळतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. पाच वर्षं मी ज्याला माया समजत होतो ती हीच होती. गोणपाटामागची. माझा कप वेगळा नव्हता, कारण तिथं बघायला कुणी नव्हतं.

"बसीन," मी म्हणालो. "पर हितं म्होरं, रस्त्यावर. लोकांदेखत. गोणपाटामागं न्हाई."

"आरं, मग गाडी कशी व्हायची?"

"सायबास्नी बोलवा. बसवा. माप घ्या."

"ते यायचे न्हाईत."

"मग मी बी न्हाई बसणार."

मिस्त्रीनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "उद्यापास्नं येऊ नगंस." मी चहा तसाच ठेवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीची वाट बघत समोरच्या बाजूला उभा होतो. गॅरेजाच्या तोंडाशी मिस्त्री काम करत होता. उत्रोलीकडून आलेल्या बैलगाडीतून त्यानं भाताचा पेंढा घेतला होता. साहेबांच्या पँटीत तो ठासून भरला, खालची तोंडं सुतळीनं आवळली. माझीच सुतळी. आणि ती पेंढा भरलेली पँट नव्या सीटवर बसवली. दोन्ही बाजूंना दोन करडे पाय लोंबत होते. मिस्त्री वाकून बघत होता, जमिनीला लागतात का.

लागत नव्हते. कसे लागतील? पेंढ्याला वजन नाही. गाडी दबतच नव्हती. म्हणून तो गादी तासत राहिला. पुन्हा पेंढा बसवायचा, पुन्हा तासायचं. ज्यानं मला शिकवलं की माणूस बसवल्याशिवाय माप घ्यायचं नाही, तोच. त्याला सगळं कळत होतं. तरी हात चालूच. मी रस्त्याच्या कडेला ओकलो.

पुढं भोरात वकीलसाहेबांना त्या गाडीवर मी कितीदा बघितलं. तळवे जमिनीवर पोचायचे, चांगले टेकायचे. पण बुडाखाली गादी नव्हतीच. रेक्झिन आणि त्याखाली लोखंडी पत्रा. खड्डा आला की साहेब कळवळायचे. कोर्टाच्या पायऱ्या कंबर धरून चढायचे. लोक हसायचे. मला हसू आलं नाही. त्यांनी सीट पुन्हा बदलून घेतली नाही. बाटलेली गादी नको, पत्रा चालेल. पेंढा चालला, लोखंड चाललं. त्याच मापाचा जिता माणूस चालला नाही.

त्या दिवशी एसटीनं घरी जाऊन बाला सगळं सांगितलं. तो भाताच्या खाचराचा बांध घालत होता. फावडं थांबवून त्यानं विचारलं, "पँट घेतली न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"पर घातलीस."

मी मान खाली घातली. बा पुन्हा कामाला लागला. तो काहीतरी बरं बोलेल अशी माझी आशा होती. तो बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. सगळी शिसारी वकिलाच्या दारात टाकून मला मोकळं होता येणार नव्हतं. हसलो मी होतो. आरशात मी बघितलं होतं.

आता वेल्ह्याच्या रस्त्याला माझं स्वतःचं गॅरेज आहे. वर पत्रा, पुढं रस्ता, कुठंही गोणपाट नाही. उंच गाडी घेऊन कुणीही आला, कुणीही असला, तरी त्यानं लोकांदेखत गाडीवर बसायचं. मी गुडघा टेकतो, त्याची टाच माझ्या हातात धरतो आणि सुतळी लावतो. पाय मागं ओढला, की सुतळी गुंडाळून ठेवतो. दुसऱ्यांदा विचारत नाही. पासलीचा एक बागायतदार माझ्यादेखत "पँट पाठवतो" म्हणाला होता, त्याला गाडी ढकलत परत जावं लागलं.

गिऱ्हाईक तुटेल, तुटू दे. ज्याच्या पायाला माझा हात चालत नाही, त्याच्या गाडीला माझा पाना लागणार नाही.