नागोयाची सोल आणि माझा डावा हात

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. गेल्या महिन्यात आमच्या नागोयाच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा जुना फोटो फिरला. खाली जोडलेले हात, फुलं, आणि ‘आपल्या वहिनी जपानी सोल संगीताच्या इतिहासात! प्राउड मोमेंट!’ टोक्योच्या कुठल्याशा कंपनीने आमच्या जुन्या गाण्याच्या ग्रुपची तबकडी नव्याने काढली होती. लगेच मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. गणपतीत माझा सत्कार करायचाय म्हणे, शाल आणि श्रीफळ देऊन. “सांगते,” एवढंच म्हणाले मी. रागाच्या भरात गॅसवरचं दूध उतू गेलं ते वेगळंच.

हे गृहस्थ नुसते सेक्रेटरी होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते. त्या वर्षांत पुण्या-मुंबईहून सॉफ्टवेअरवाल्यांची इथे रीघ लागली होती. माझा नवरा मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्टवर आला, आणि मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे कचरा वेगळा करायला आणि मुलीला बालवाडीत सोडायला. मुलीला सोडलं की मी स्टेशनजवळच्या एका किस्सातेनमध्ये कॉफी प्यायला जायची. इकडे सकाळच्या कॉफीबरोबर टोस्ट आणि अंडं फुकट येतं. खरं सांगायचं तर मी टोस्टसाठीच जायची.

त्या कॉफीच्या दुकानाच्या मालकाला सगळे मास्टर म्हणत. हा माणूस मला कधीही आवडला नाही. तुसडा, खडूस, कुणी साखर जास्त घेतली तरी डोळे वटारणारा. पण दुकानामागच्या कोठीत त्याचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल होतं. त्यावर गाणारे कोण? बसचे ड्रायव्हर, मासळीबाजारातली तीन भावंडं, घरं रंगवणारे दोघे. आठवडाभर राबायचं आणि सुट्टीला सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ढंगाची गाणी, गायची, तीही नागोयाच्या बोलीत. मास्टर पदरमोड करून तबकड्या काढायचा. टोक्योच्या दुकानांकडे गेलेली खोकी न उघडता परत यायची. इथल्या लोकांनाही पत्ता नव्हता. नागोया म्हणजे मोटारी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आज ‘हरवलेला खजिना’ वगैरे लिहितात. हरवला कसला? कोठीत पडून होता, दार उघडं होतं, कुणी आत डोकावलं नाही.

त्यातल्या एका ग्रुपच्या ऑर्गनवाल्याची कंपनीने लांब बदली केली. दुकानातला ऑर्गन रिकामा दिसला म्हणून मी एकदा त्यावर भूप वाजवला. मास्टर मला ओकुसान म्हणायचा, म्हणजे वहिनी. कप पुसत म्हणाला, “ओकुसान, डावा हात घरी ठेवून आलात का?”

मी लहानपणापासून पेटी वाजवलेली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. ऑर्गनला भाता नसतो, पण ते माझ्या हाताला कोण सांगणार? तो आपला हवेतच उघडत-मिटत राहायचा. ऑर्गनवाल्याच्या जागी मला बसवलं खरं, पण मास्टरला त्या हातात बेसचे सूर हवे होते. त्यावरून आमची रोज जुंपायची. तो मला “एकहाती” म्हणायचा, मी त्याला मराठीत काय काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.

भांडण मिटवलं ते त्या ग्रुपात गाणाऱ्या बाईंनी. त्या डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. भात, मासा, लोणचं, झाकण. दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं. सगळे त्यांना नेसान म्हणत, म्हणजे ताईच. आवाज असा की कॉफी गार व्हायची. पण दम अपुरा पडायचा, ओळ मध्येच तुटायची. एक दिवस त्या मास्टरला म्हणाल्या, “त्या हाताला काही बोलू नका. तो उघडतो तेव्हा मी श्वास घेते.”

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी घरघर नको म्हणून फ्रीज बंद करून मास्टरने आमचं गाणं टेप केलं. ताईंनी स्वतः रचलेलं एकुलतं एक गाणं होतं ते. लोकांचे डबे भरता भरता आयुष्य सरतं असं काहीसं, आणि शेवटच्या कडव्यात एकच प्रश्न, माझा डबा कोण भरणार? तबकडी निघाली आणि खोकी नेहमीसारखी परत आली. ताई मला म्हणाल्या, “एकदा कुणीतरी समोर बसून पूर्ण ऐकावं, एवढंच.”

मला वाटलं, आपली माणसं आहेत की! गाण्याचे दर्दी म्हणवून घेतात. मी सेक्रेटरींशी भांडून गणपतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळवली. ताई नवा ब्लाउज घालून आल्या, मास्टरही आला. पहिली दोन कडवी लोक चुळबुळत ऐकत होते. मागून मसालेभाताचा वास येत होता. शेवटच्या कडव्याआधी माझा हात उघडला, ताईंनी श्वास घेतला, आणि सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. “थँक यू, थँक यू! एक जोरदार टाळी होऊन जाऊ दे! पुऱ्या गार होतायत, मंडळी.”

ताई वाकल्या. कुणीतरी त्यांना श्रीखंड-पुरीचा डबा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. परतताना मास्टर मला एवढंच म्हणाला, “तुमच्या लोकांना भूक लागली होती, ओकुसान.” ह्या वाक्यासाठी मी त्याला कधीच माफ केलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ताई पुन्हा गायला आल्या नाहीत. नंतर दुकानही बंद झालं.

आता ही नवी तबकडी. सोबतच्या पुस्तिकेत मास्टरला ‘प्रेमळ आधारवड’ म्हटलंय. प्रेमळ! आणि शेवटी एका ओळीत, गायिका दोन वर्षांपूर्वी वारल्या. मला ते असं कळलं.

तबकडी लावली. आवाज चकचकीत, ताईंचाच. पण कुठेतरी काहीतरी खटकत होतं आणि कारण कळत नव्हतं. लेक शेजारी बसून ऐकत होती. ती जपानीत म्हणाली, “आई, त्यांनी नॉइज काढून टाकलाय. श्वासबिस सगळे.”

मग मी कपाटातली जुनी तबकडी काढली. खरखर होती, बाहेर सायकलची घंटी होती, आणि प्रत्येक ओळीआधी ताई श्वास घेत होत्या. मी ढसाढसा रडले. तेवढंच तर उरलं होतं त्यांचं.

डोळे पुसून अध्यक्षांना फोन लावला. “येते मी,” म्हटलं, “पण शाल नको. माझ्याकडची जुनी तबकडी लावायची. जेवणाआधी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मध्ये कुणी माइकला हात लावायचा नाही.”

“नक्की, वहिनी, नक्की! तुमचा मान आहे,” अध्यक्ष म्हणाले. मग जरा घुटमळले. “फक्त एक विचारायचं होतं. किती मिनिटांचं आहे हो ते गाणं?”

मी फोन ठेवून दिला.